पहिला कडा कसा निवडावा

प्रस्तरारोहणाचा छोटा कोर्स झाला, हार्नेस चढवायला नि बिले द्यायला हात सरावले, की पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: आता लिंगाणा करू की वानरलिंगी? दोन्ही सुळके देखणे आहेत. त्यांचे फोटो पाहून कुणाचेही पाय शिवशिवतील. पण लिंगाण्याच्या पायथ्याशी पोचायलाच मोहरी गावातून बोराट्याची नाळ उतरावी लागते, आणि त्या नाळेत पायाखालचे धोंडे सरकत असतात. चढाई सुरू होण्याआधीच पायांतली ताकद आणि सकाळचे चांगले तास तिथे संपतात. जीवधनशेजारची वानरलिंगी नाणेघाटाच्या पठारावरून अगदी जवळ वाटते, पण तिच्या माथ्यावरून दोराशिवाय परत यायला एकही वाट नाही. हे दोन्ही सुळके जरूर करा, पण पहिल्या वर्षी नको.

पहिल्या वर्षी हवा तो बेताचा अवघड कडा. गाडीरस्त्यापासून तासाभरात गाठता येईल, संध्याकाळी उजेड असताना गावात परतता येईल, आणि मान वळवली की एका बाजूला घाटमाथा, दुसऱ्या बाजूला कोकण दिसेल असा. असे कडे सह्याद्रीत आहेत, पुण्या-मुंबईहून एका दिवसात जाऊन येण्यासारखेही आहेत. ते निवडताना विचार वरून खाली करत यायचा. आधी उतरणार कसं ते ठरवायचं, मग दोर कशाला बांधणार ते, मग कातळ कसा आहे ते बघायचं, आणि चढाई किती अवघड हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यायचा. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलट करतात, आणि अडकतात ते चढताना नव्हे, उतरताना.

‘मध्यम’ कुणाच्या मापाने?

गडांच्या माहितीत लिहिलेलं ‘सोपी, मध्यम, अवघड’ हे वर्गीकरण चालणाऱ्याच्या पायांसाठी असतं. चाल किती तासांची, पाणी कुठे, वाटेत एखादा कातळटप्पा आहे का, एवढंच त्यात धरलेलं असतं. एखाद्या गडाला ‘मध्यम’ म्हटलंय म्हणून त्याच्या शेजारचा सुळकाही मध्यम, असा हिशेब करू नका. उलटही खरं आहे. ‘अत्यंत अवघड’ म्हणून गाजलेला एखादा टप्पा प्रत्यक्षात वीस फुटांचा असतो. त्याच्या खोबण्या हातभर खोल असतात, फक्त खाली दरी असते. चढणाऱ्याच्या भाषेत ते एक्स्पोजर झालं. एक्स्पोजर डोक्याला जड जातं, हाताला नाही. चढाई अवघड आहे की नुसती घाबरवणारी, हा फरक ओळखता आला की निम्मी निवड झाली.

कड्यांची श्रेणी सांगणाऱ्या पद्धती वेगळ्या आहेत. आपल्याकडे अलीकडे फ्रेंच पद्धत जास्त ऐकू येते. तिच्यात ४ आणि ५ म्हणजे कोर्स केलेल्या माणसाला जमावं असं, आणि ६ए म्हणजे नियमित सराव असलेल्याला जमावं असं. पण हा आकडा सांगतो तो कातळावरच्या हालचालींचा अवघडपणा. दोन बोल्टांमध्ये अंतर किती, कातळ भुसभुशीत आहे का, वर पोचल्यावर उभं राहायला जागा आहे का, यातलं काहीही तो सांगत नाही. सह्याद्रीत तर एकाच वाटेची श्रेणी तीन जण तीन सांगतात. म्हणून ती वाट करून आलेल्या माणसाला ‘किती अवघड आहे?’ असं विचारू नका. पहिला बोल्ट जमिनीपासून किती उंचीवर आहे, मधे थांबून बिले देण्यासारखी जागा आहे का, कोणत्या ठिकाणी दगड निघाले आणि तुम्ही शेवटचं तिथे कधी गेला होता, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘चार वर्षांपूर्वी’ असं आलं, तर बाकीची उत्तरं जुनी धरून चाला. मधे चार पावसाळे गेले आहेत.

उतरायचं कसं

कड्यांचे दोन प्रकार करा. एक, ज्यांच्या माथ्यावर मागच्या बाजूने चालत जाता येतं. दुसरे, ज्यांच्यावर जायला आणि यायला दोरच लागतो. नवख्यासाठी पहिला प्रकार केव्हाही बरा. वरून चालत जाऊन अनुभवी माणूस आधी अँकर लावतो, दोर वरून सोडतो, आणि खालून चढणारा सुटला तरी हातभर खाली येऊन थांबतो. याला टॉप रोप म्हणतात. कड्याची सवय टॉप रोपवर जितकी लवकर होते तितकी दुसऱ्या कशावर होत नाही. शिवाय थकलेल्या माणसाला वर पोचल्यावर चालत खाली पाठवता येतं, हा फायदा संध्याकाळी पाच वाजता कळतो.

खंडाळ्याची नागफणी या दृष्टीने बघण्यासारखी आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून इंग्रजांनी तिला ड्यूक्स नोज म्हटलं. माथ्यावर शंकराचं देऊळ आहे आणि कुरवंडे गावातून तिथे चालत जाता येतं. नागफणीची पूर्ण भिंत पहिल्या दिवशी चढायची नाही, ती मोठी आहे. पण कड्याच्या टोकापासून सुरक्षित अंतर राखून उभं राहून एखादा अनुभवी गट वर अँकर कसा उभारतो, दोर कड्याच्या धारेवर घासू नये म्हणून खाली काय घालतो, किती जणांना एका वेळी टोकाशी जाऊ देतो, हे तास-दोन तास नुसतं पाहिलंत तरी पुस्तकातल्या पन्नास पानांचं काम होतं. गटाच्या नेत्याला आधी विचारा. चांगला नेता बघू देतो. वरच्या बाजूला स्वतःला बांधून न घेता टोकाशी वावरणारा गट दिसला, तर त्या गटाबरोबर कधीही जाऊ नका.

दुसऱ्या प्रकारच्या कड्यावर जायचं झालं, तर घरी बसून एक हिशेब करायचा. २०० फुटांची भिंत म्हणजे साधारण ६० मीटर. तुमच्याकडे ६० मीटरचा एक दोर आहे. रॅपलिंग करून दोर खाली ओढून घ्यायचा असेल तर तो दुहेरी सोडावा लागतो, म्हणजे कामाला येतात ३० मीटर. भिंतीच्या बरोबर मध्यावर तुम्ही लोंबकळत राहणार. तेव्हा एक तर दोन दोर जोडून उतरायचं, नाहीतर मधे पक्का अँकर असलेली जागा ठाऊक हवी. हा साधा भागाकार न केल्यामुळे दोराचं टोक हातातून निसटून जाण्याचे अपघात जगभर झाले आहेत, मुरलेल्या लोकांचेही. म्हणून रॅपलिंगच्या दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारल्याशिवाय दोर खाली टाकायचा नाही. ‘टोक जमिनीला टेकलंय, मी पाहिलंय’ असं कुणी म्हणालं तरी मारायची.

उतरण्याची बाजू इतकी लावून धरण्याचं कारण आहे. महाराष्ट्रातले अतिशय अनुभवी गिर्यारोहक अरुण सावंत यांचा जानेवारी २०२० मध्ये हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, रॅपलिंगच्या मोहिमेत मृत्यू झाला. ज्यांनी हयातभर इतरांना दोर धरायला शिकवलं, त्यांच्याही बाबतीत हे घडलं. कड्याच्या टोकावरचं काम असं असतं. पहिल्या वर्षी ते तुम्ही करायचं नाही. शेजारी उभं राहून शिकायचं.

कातळ हाताने वाचायचा

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि निवले. म्हणून आपले डोंगर लांबून आडव्या पट्ट्यांचे दिसतात. घट्ट कातळाची उभी पट्टी, मग गवताची आडवी, पुन्हा कातळ. लाव्हाच्या दोन थरांच्या मधे कुठेकुठे लालसर, मातकट थर असतो. तो बोटाने कोरता येतो. गवताची पट्टी आणि हा लाल थर, या दोन जागा सगळ्यात फसव्या. गवत धरून वर जायचा मोह होतो, आणि ऑक्टोबरात त्याची मुळं इतकी ओली असतात की मूठभर गवत मातीसकट हातात येतं. कडा निवडताना खालून पाहून घ्या, असे किती पट्टे मधे येतात. सलग काळा, डाग नसलेला, खडबडीत कातळ जितका जास्त, तितका कडा नवख्याला योग्य.

हात ठेवायच्या आधी दगडावर तळव्याने थापटी मारायची सवय लावा. घट्ट दगडाचा आवाज बद्द आणि छोटा येतो. सुटलेल्या दगडाचा पोकळ येतो, जरा लांबतोही. कधी बोटांना थरथर जाणवते. तसा दगड वापरावाच लागला तर त्याला स्वतःकडे ओढायचं नाही, खाली दाबायचं. दाबलेला दगड जागच्या जागी राहतो, ओढलेला छातीवर येतो. खोल खोबणीत हात घालण्याआधी आत डोकवा. उन्हाला आलेलं फुरसं तिथे असू शकतं. आणि दोन हात, दोन पाय यांतला एकच एका वेळी हलवायचा. वजन पायांवर ठेवायचं. हाताने लोंबकळणारा माणूस वीस फुटांत थकतो. पायांवर उभा राहणारा दिवसभर चढतो.

कुठे सुटे दगड आहेत हे कळायला पायथ्याकडे बघणं हा खात्रीचा मार्ग आहे. भिंतीच्या बुडाशी ताज्या, धारदार कडांचे, शेवाळ न धरलेले दगड पडलेले असतील तर ते यंदा वरून आलेत. बिले देणाऱ्याने तिथे उभं राहायचं नाही, आणि हेल्मेट त्यानेही घालायचं. हेल्मेट फक्त चढणाऱ्याला लागतं हा समज कुठून आला कोण जाणे. दगड खालच्याच्या डोक्यावर पडतात.

तैलबैला

माथ्यावरून उतरायला इथे दोरच लागतो, पण बाकीच्या कसोट्या लावल्यावर घाटमाथ्यावरचं जे ठिकाण पुन्हा पुन्हा समोर येतं ते तैलबैला. लोणावळ्याहून भुशी धरणावरून, आयएनएस शिवाजी मागे टाकत, अँबी व्हॅलीच्या बाजूने रस्ता जातो. गाडी थेट तैलबैला गावापर्यंत पोचते. गावातून दोन भिंतींमधल्या खिंडीत जायला फार तर तासभराची चाल. सुमारे १००० मीटर उंचीवर, पठाराच्या वर अचानक उभ्या असलेल्या या दोन काळ्या भिंती दोनशे फुटांच्या वर चढतात. आजूबाजूचा डोंगर झिजला आणि या भिंती का उरल्या, याचं उत्तर त्यांच्या जन्मात आहे. भूगर्भातून वर आलेला शिलारस उभ्या भेगेत घुसून तिथेच घट्ट झाला. अशा उभ्या थराला डाइक म्हणतात. भोवतालच्या कातळाहून तो चिवट निघाला. म्हणूनच इथे सलग कातळ जास्त सापडतो.

खिंडीत भैरवनाथाचं ठाणं आहे, कोरीव टाकी आहेत. समोर कोकणाच्या बाजूला सुधागड, सरसगड दिसतात. घाटमाथ्यावर घनगड जवळच आहे. सवाष्णीची वाट आणि वाघजाईची वाट इथूनच खाली कोकणात उतरतात. चढणाऱ्याला याचा उपयोग असा की दिवसभर सोळा जण सोळा वेळा चढू शकत नाहीत. ज्यांची पाळी नाही त्यांना नुसतं बसून राहावं लागतं. तैलबैल्याला बसून राहणं शिक्षा वाटत नाही.

वाऱ्याचं मात्र भान ठेवा. खिंडीत वारा इतका भणाणतो की वरच्याने मारलेली हाक खालच्याला अर्धवट ऐकू येते. ‘बिले ऑफ’ आणि ‘टेक’ यांत गल्लत झाली तर काय होईल याचा विचार खाली असतानाच करा. दोराला किती झटके म्हणजे काय, हे चढण्यापूर्वी ठरवून, मोठ्याने दोन्हीकडून म्हणून घ्या. दोन दोरांवर दोन जण एका वेळी चढत असतील तर हाकेआधी नाव घ्यायचं.

तैलबैल्याच्या वाटांवर बोल्ट आहेत. आहेत म्हणजे भरवशाचे आहेत असं नाही. सह्याद्रीचा चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. बोल्टची कडी बाहेरून चकचकीत असली तरी कातळात गेलेल्या भागाभोवती तपकिरी ओघळ आहे का ते बघा. कडी बोटाने फिरते का, बोल्ट हलतो का, भोवतालच्या दगडाला चीर गेली आहे का. जुनी ठोकलेली मेख दिसली तर तिला इतिहास समजून नमस्कार करा, वजन टाकू नका. माथ्यावरचा अँकर कायम दोन स्वतंत्र बोल्टांवर हवा, आणि त्यांना जोडणाऱ्या स्लिंगच्या दोन बाजूंमधला कोन ६० अंशांच्या आत. कोन वाढला की प्रत्येक बोल्टवरचा ताण वाढतो. १२० अंशांवर तर दोन्ही बोल्टांपैकी प्रत्येकावर पूर्ण वजनाइतका ताण येतो. मग दोन बोल्ट लावल्याचा फायदाच उरत नाही. हे तपासणं तुमच्या गटनेत्याचं काम आहे, पण वर पोचल्यावर तुम्हीही डोळे उघडे ठेवून बघा आणि विचारा. विचारलेलं न आवडणारा नेता नको.

या पट्ट्याची आणखी एक जमेची बाजू. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था डोंगरातल्या बचावकार्यासाठी ओळखली जाते, आणि राज्यभरच्या गिर्यारोहण संस्थांची शिखर संस्था म्हणजे अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ. तुमच्या शहरातल्या विश्वासू संस्थेचा पत्ता तिथून मिळू शकतो. कड्याच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज कुठे येते, ती जागा पोचल्याबरोबर शोधून सगळ्यांना दाखवून ठेवा. आपत्कालीन क्रमांक ११२.

आग्या मोहोळ

सह्याद्रीत चढणाऱ्याला उंचीपेक्षा मधमाश्यांचं भय जास्त हवं. आग्या मोहोळाचं पोळं म्हणजे कातळाच्या पुढे आलेल्या छपराखाली लटकणारा अर्धगोल, काळपट, उघडा पडदा. लांबून तो डाग वाटतो, दुर्बिणीतून बघितलं तर त्यावर लाटा फिरताना दिसतात. माश्या निघून गेल्या तरी मेणाचा पिवळट-पांढरा ठसा राहतो, आणि पुढच्या हंगामात त्या बऱ्याचदा त्याच जागी परततात. तेव्हा कोरा ठसाही नोंदवून ठेवायचा. चढाईच्या वाटेच्या आसपास जिवंत पोळं असेल तर त्या दिवशी ती वाट नाही, चर्चा नाही. जमिनीवरचा माणूस पळू शकतो. दोरावर अडकलेला पळू शकत नाही.

अत्तर, डिओडरंट, सुगंधी तेल घरीच. पायथ्याशी चूल, शेकोटी, सिगारेट नाही. आरडाओरडा नाही, स्पीकर नाही, वरून दगड ढकलणं तर अजिबात नाही. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, चेहरा आणि मान झाकून झटपट लांब जायचं, आणि दोरावर असलेल्याला आधी खाली घ्यायचं. गावातल्या माणसाला पोळ्यांच्या जागा अचूक ठाऊक असतात. ‘मामा, यंदा मोहोळ कुठं लागलंय?’ हा प्रश्न गावात गाडी लावल्यावर पहिला विचारायचा. जेवणाची चौकशी त्यानंतर.

कधी जायचं

पाऊस थांबल्यावर लगेच नको. पावसाने सुटलेले दगड अजून वर टेकून असतात, कातळावर शेवाळ असतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चमध्ये काळा कातळ दुपारी तापतो, हात भाजतात. एप्रिल-मे फक्त पहाटेसाठी. भिंतीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते नकाशावर पाहून ठेवा. पश्चिमेकडे तोंड असलेली भिंत सकाळी सावलीत असते, पूर्वेकडची दुपारनंतर. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि सगळा दोर, सगळी माणसं अडीच तास आधी खाली यायला निघाली पाहिजेत. पाच जणांचा गट असेल तर दोन दोर आणि दोन अनुभवी माणसं पुरतात. पंचवीस जणांच्या ‘इव्हेंट’मध्ये तुमच्या वाट्याला येते ती एक चढाई आणि सहा तासांची रांग. पैसे देऊन जायचं झालं तर पैशाआधी गटात माणसं किती, हे विचारा.

सामानाबद्दल थोडक्यात. लीडला (पहिला चढणारा दोर खालून वर नेतो तेव्हा) किंवा टॉप रोपला ताण झेलणारा डायनॅमिक दोर, साधारण १० मिलिमीटर जाडीचा. न ताणणारा स्टॅटिक दोर रॅपलिंगसाठी. स्टॅटिक दोरावर लीड करायचं नाही, कारण पडल्यावरचा सगळा झटका पाठीच्या कण्याला बसतो. हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर यांवर सीई किंवा यूआयएएचा शिक्का हवा. सेकंडहँड दोर विकत घेऊ नका, त्याने काय काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही. चढाईचे बूट पहिल्या वर्षी विकत घेतलेच पाहिजेत असं नाही, संस्थेकडे असतात. पण सैल बूट घालण्यापेक्षा घट्ट बसणारे साधे कॅनव्हासचे बरे.

तैलबैल्याच्या आधी, तैलबैल्यानंतर

खरं सांगायचं तर तैलबैल्याला जाण्याआधी शहरातल्या शहरात तीन-चार रविवार घालवलेले बरे. मुंबईकरांना बेलापूरचे मोठाले धोंडे आहेत. तिथे दहा-बारा फुटांवर दोराशिवाय, खाली गादी टाकून चढायचं. याला बोल्डरिंग म्हणतात. १९५४ पासून काम करणाऱ्या गिरिविहार संस्थेने बेलापूरला बोल्डरिंगच्या स्पर्धा भरवल्या, आणि त्याच संस्थेच्या पुढाकाराने २०१६ मध्ये नवी मुंबईत बोल्डरिंगच्या विश्वचषकाची फेरी झाली. जगातले चढणारे आपल्या अंगणात येऊन गेले, ही मोठी गोष्ट आहे. मुंब्र्याचा डोंगरही लोकलच्या टप्प्यात आहे. पुण्यात कृत्रिम भिंती आहेत. पाय कुठे ठेवायचा हे भिंतीवर शिकता येतं, दगड वाचणं मात्र दगडावरच.

उत्तर महाराष्ट्रातल्यांना मनमाडजवळची हडबीची शेंडी आहे. रेल्वेतून जाताना अंगठा वर केल्यासारखी दिसते ती. डोंगर चढून सुळक्याच्या बुडाशी जायचं, मग खरी चढाई. सुळका असल्याने उतरायला दोर लागतोच. म्हणून टॉप रोपवर सराव झाल्यानंतर, जाणत्या गटाबरोबरच.

आणि बोल्ट मारलेल्या वाटा, नीट श्रेणी, घट्ट दगड हे सगळं एकत्र हवं असेल तर थोडं लांब, कर्नाटकात बदामीला जा. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर बदामीचं स्टेशन आहे. तांबड्या वालुकाश्माच्या भिंती गावाला लागून आहेत. चालुक्यांची लेणी, खाली अगस्त्य तलाव, आणि भिंतींवर ५ पासून पुढे सगळ्या श्रेणींच्या वाटा. वालुकाश्म पकडीला सुरेख असतो. पाऊस पडून गेल्यावर मात्र तो ओला असताना चढू नये, पकडी तुटतात आणि वाट कायमची बिघडते. लेण्यांच्या आणि संरक्षित स्मारकांच्या हद्दीत चढायचं नाही, हे तिथेही आणि इथेही. माकडांपासून डबा सांभाळा.

गावाचं, देवाचं, जंगलाचं

डोंगर तुमच्या आधी गावाचा आहे. माथ्यावर, खिंडीत देव असतो. देवळाच्या दगडाला, दीपमाळेला, टाक्याच्या खांबाला दोर बांधायचा नाही, मग तो कितीही मजबूत दिसो. टाक्याचं पाणी पिण्याचं आहे, त्यात हात-पाय धुवायचे नाहीत. जंगल वनखात्याच्या हद्दीत असेल तर परवानगी आधी घ्या, गड पुरातत्त्व खात्याकडे असेल तर तिथेही विचारा. मनानेच नवे बोल्ट मारायचे नाहीत. एक भोक शेकडो वर्षं राहतं, आणि चुकीच्या जागी मारलेला बोल्ट पुढच्याला खोटा भरवसा देतो. जेवण गावात सांगा. कुठल्याशा घरच्या मावशींनी केलेलं भाकरी-पिठलं तुमच्या डब्यातल्या ब्रेडपेक्षा कितीतरी चांगलं लागतं, पैसेही गावात राहतात, आणि संध्याकाळी तुम्ही परतला नाहीत तर तुमची आठवण ठेवणारं एक घर तयार होतं. अपघाताच्या वेळी पहिले पोचतात ते हेच लोक.

पहिला शनिवार-रविवार असा आखता येईल. शुक्रवारी रात्री उशिरा निघू नका, झोप मोडून कड्यावर जाऊ नये. शनिवारी सकाळी निघून दुपारपर्यंत तैलबैला गावात पोचा, मोहोळाची चौकशी करा, मुक्कामाची नि जेवणाची सोय लावा. संध्याकाळी खिंडीत जाऊन भिंती नुसत्या बघा. उद्याची वाट नजरेने वर नेऊन पुन्हा खाली आणा, बोल्ट कुठे दिसतात, गवत कुठे आहे, दोर कुठे घासेल. रविवारी उजाडताच चढाई सुरू, साडेतीनला शेवटचा माणूस खाली, साडेचारला गाव सोडायचं. रविवारी संध्याकाळी लोणावळ्यात परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते. भुशीच्या बाजूला अडकायचं नसेल तर याहून उशीर करू नका, आणि गाडी चालवणाऱ्याला दुपारी तासभर झोपू द्या.